ईश्वरीने घातलेली शप्पथ

रुतिका भांडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी तिला देव्हाऱ्यात बसवायला नको. पनवेलच्या कोळीवाड्यातली सतरा वर्षांची मुलगी, बारावी सायन्स, उंच, काटक, आणि जिभेला हाड नाही. आमच्या गटात ती आली तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत तिने माझी दोन वाक्यं खोडून काढली. मी तीस वर्षं नर्स होते, मोठमोठ्या डॉक्टरांचंही कधी मुकाट्याने ऐकून घेतलं नाही. त्यामुळे मला तिचा राग आला आणि त्याच दिवशी ती मला आवडलीही.

निवृत्तीनंतर खांदेश्वरच्या फ्लॅटमध्ये बसून मालिका बघण्यापेक्षा बरं, म्हणून मी एका लहानशा संस्थेचं काम अंगावर घेतलं. सोळा ते वीस वयाच्या मुलामुलींना शिकवून तयार करायचं आणि त्यांनी सोसायट्यांमध्ये, चाळींमध्ये जाऊन लहान मुलांना भेटायचं. आपलं अंग आपलं असतं, नकोसा हात लागला तर नाही म्हणायचं, तिथून निघायचं आणि विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचं, एवढंच त्यांनी शिकवायचं. हेच मी सांगितलं तर मुलं माना डोलावतात आणि घरी जाईपर्यंत विसरतात. ताईने सांगितलेलं लक्षात राहतं, कारण बोलणं संपलं की ताई त्यांच्याबरोबर लगोरी खेळते आणि हरली की त्यांच्याशी भांडतेसुद्धा.

सोसायट्यांचे अध्यक्ष आधी नाकं मुरडतात. म्हणतात, आमच्याकडे सगळे फॅमिलीवाले आहेत, असलं काही होत नाही. हॉस्पिटलात माझ्यासमोर आलेल्या मुलीही फॅमिलीवाल्यांच्याच होत्या. त्यातल्या एका सात वर्षांच्या मुलीचं डोकं मी रात्रभर मांडीवर घेऊन बसले होते. तिने आधी कुणाला सांगितलं असतं तर, हा विचार आज बारा वर्षांनीही माझी पाठ सोडत नाही. अध्यक्षांना मी हे सांगते, मग ते हॉलची चावी देतात.

आमच्या मुलांना मी जे नियम घोकायला लावले होते त्यातला पहिला असा: मूल काही सांगू लागलं आणि ‘कुणाला सांगू नको’ म्हणालं, तर वचन द्यायचं नाही. म्हणायचं, तुला मदत करू शकेल अशा माणसाला मला सांगावं लागेल. मग ते मूल गप्प झालं तरी चालेल, पण खोटं वचन द्यायचं नाही. पुढचं सगळं मोठ्यांचं काम, त्याच दिवशी माझ्याकडे यायचं. रुतिकाला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने हे धडाधडा म्हणून दाखवलं असतं.

तो गुरुवार होता. खांदेश्वरच्याच एका सोसायटीत रुतिकाने सातआठ मुलांची बैठक घेतली, मग खाली पार्किंगमध्ये खेळ झाला आणि मुलं पांगली. एक मुलगी मागे राहिली. ईश्वरी, चौथीतली, पाचव्या मजल्यावरची. मूळची कराडकडची माणसं. वडील मुंबईला कंपनीत, आई अस्मिता इथेच एका ऑफिसात. ईश्वरी शहाणी, अक्षर सुंदर, बोलायला कमी. पंपाच्या खोलीमागे तिने रुतिकाला बोलावलं, म्हणाली, एक गोष्ट सांगायचीय. रुतिका लगेच सावध झाली. नियमाप्रमाणे तिने तोंड उघडलं, की हे बघ, मी वचन देऊ शकत नाही. तिचं वाक्य अर्ध्यावर असतानाच ईश्वरीने हात वर केला, रुतिकाच्या गळ्याची कातडी चिमटीत धरली आणि म्हणाली, “तुला तुझ्या आईची शप्पथ, कुणाला सांगशील तर.”

आणि तिने सांगून टाकलं.

काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. ज्याला तपशील हवे असतील त्याने स्वतःला विचारावं, की कशाला हवेत. तिचा मामा, अस्मिताचा सख्खा भाऊ, रणजीत, पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि कोपरखैरण्याला खोली घेऊन राहत होता. बहिणीला सुट्टी मिळाली नाही, मुलीची शाळा लवकर सुटली, की हक्काने यायचा. सगळ्या बिल्डिंगला त्याचं कौतुक होतं. आणि शनिवारी पहाटे ईश्वरीचे आईबाबा वर्षश्राद्धासाठी कराडला निघणार होते, रविवारी रात्री परतणार होते. सोमवारी ईश्वरीचा गणिताचा पेपर, म्हणून तिला नेणार नव्हते. दोन दिवस तिच्याजवळ रणजीतमामा राहणार होता.

आता माझी चूक सांगते. वचनाचं मी शिकवलं होतं, शप्पथेचं शिकवलं नव्हतं. आमच्या शिकवण्याच्या पुस्तकात ती नव्हतीच, आणि माझ्या डोक्यात आली नाही, जसं काही मी कधी लहान नव्हतेच. वचन आपण देतो. शप्पथ समोरचा आपल्यावर घालतो, आपण हो म्हणा नाहीतर नाही. ती घातली की घातली. ती उतरवायचा एकच रस्ता, जो आपल्याकडच्या प्रत्येक पोराला ठाऊक असतो: ज्याने घातली त्याच्या मागे लागायचं, की ‘सुटली म्हण’. त्याने ‘सुटली’ म्हटलं की मोकळे. नाही म्हटलं आणि आपण मोडली, तर ज्याची शप्पथ असेल ते माणूस जातं.

तुम्ही हसाल. सायन्सची मुलगी, आणि असलं मानते? मानत नव्हतीच ती. पण सहावीत असताना एका मैत्रिणीने तिच्यावर आजीची शप्पथ घातली होती. कुणीतरी वर्गातला नकाशा फाडला होता, ते सांगायचं नाही म्हणून. रुतिकाने बाईंना सांगितलं. आठव्या दिवशी तिची आजी, बायजा, गेली. बायजा ऐंशीला टेकलेली, किडन्या निकामी झालेल्या, महिनाभर अंथरुणावर होती. पण अकरा वर्षांच्या मुलीला किडन्यांचं काय सांगणार? तिने ते कुणालाच बोलून दाखवलं नव्हतं. सहा वर्षं पोटात ठेवलं होतं, आणि आता तिच्या आईचं, जयमालाचं, गर्भाशयाचं ऑपरेशन मंगळवारी ठरलेलं होतं.

जयमाला म्हणजे खांदेश्वर स्टेशनच्या अलीकडे कोपऱ्यावर संध्याकाळी मासळीची पाटी लावते ती. नवरा धनेश द्रोणागिरीला कंटेनरच्या यार्डात, आठवड्याने घरी येणारा. घर, पाटी, मुलगी, सगळं जयमालाच्या खांद्यावर. गेले चार महिने अंगावरून इतकं जात होतं की पाटी उचलताना तिला घेरी यायची. तरी ऑपरेशन पुढे ढकलत राहिली, शेवटी मीच ओरडून तारीख घ्यायला लावली होती. डॉक्टर म्हणाले होते, रक्त कमी आहे, जपून करावं लागेल. ते रुतिकाने ऐकलं होतं.

गुरुवारची रात्र तिने कशी काढली ते तिचं तिला माहीत. शुक्रवारी दुपारी गटाची बैठक माझ्या घरी असते. रुतिका आली, कोपऱ्यात बसली, एका शब्दाने भांडली नाही. मला वाटलं, आईच्या ऑपरेशनचं टेन्शन. सगळे निघाल्यावर ती दारात घुटमळली आणि म्हणाली, “काकू, शप्पथ म्हणजे वचनच असतं का?”

मी भांडी घासत होते. बाई आली नव्हती, डोकं फिरलेलं होतं. मी म्हटलं, शप्पथबिप्पथ काय काढलंस मधेच, बारावीला आहेस ना, अभ्यास कर. ती बरं म्हणाली आणि गेली. मी नळ बंद करून मागे वळले असते तर तिचा चेहरा तरी दिसला असता. हॉस्पिटलात तीस वर्षं मी रोग्याच्या चेहऱ्यावरून ताप ओळखायचे, आणि ही पोर माझ्या दारात उभी असताना मला कढईचं काळं बूड महत्त्वाचं वाटलं. त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

मग रुतिकाने तिच्या अकलेने रस्ता काढला. ईश्वरीकडून ‘सुटली’ म्हणवून घ्यायचं. ते एकदा म्हणवून घेतलं की सरळ माझ्याकडे यायचं आणि सगळं सांगायचं. साडेपाचला ती सोसायटीत गेली तर ईश्वरी खेळायला खाली आलेली नव्हती. मुलं म्हणाली, तिचा मामा आलाय, ती वर अभ्यास करतेय. मामा शनिवारी येणार होता, शुक्रवारीच आला होता.

ती आईच्या पाटीपाशी गेली आणि तिथे वर जायला निमित्त आयतं मिळालं. अस्मिता फोनवर मेसेज टाकून जयमालाकडून मासळी मागवायची, आणि त्या संध्याकाळचा मेसेज होता, सुरमई दोन दिवस पुरेल एवढी, कापून, धाडून दे, भाऊ राहणार आहे. जयमालाने तुकडे करून पिशवी बांधून ठेवली होती. रुतिका म्हणाली, मी देऊन येते. जयमालाला नवल वाटलं, कारण एरवी ही पोरगी मासळीची पिशवी हातात धरायची म्हटली की तासभर कुरकुर करते.

दार रणजीतने उघडलं. रुतिकाने त्याला पहिल्यांदाच बघितलं, आणि तिला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली असेल तर त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं याची. तिशीतला, दाढी नीट केलेली, हसरा, घरच्या टीशर्टात. “ये ये, जयमालाबाईंची ना तू?” म्हणाला, पाणी हवं का विचारलं. आतल्या खोलीत अस्मिता बॅग भरत होती, तिथूनच तिने ओरडून सांगितलं की पिशवी ओट्यावर ठेव. ईश्वरी जेवणाच्या टेबलाशी वही उघडून बसली होती. तिने रुतिकाला बघितलं आणि पेन्सिल जागच्या जागी थांबली.

पिशवी ठेवून रुतिका वळली. मामा दाराशी हात टेकून उभा होता. दोघींना एकटं बोलायला तो काही जागा देणार नव्हता. रुतिकाने मनाशी ठरवलं आणि पोरं खेळताना बोलतात तसं, अगदी सहज केल्यासारखं म्हणाली, “ए ईश्वरी, सुटली म्हण ना.”

रणजीत हसला. काय सुटली, कसला खेळ आहे, मलाही सांगा की, म्हणाला. ईश्वरीने रुतिकाकडे बघितलंच नाही. तिने मामाकडे बघितलं. मग खाली वहीकडे बघून मान हलवली, नाही. रुतिकाने पुन्हा म्हटलं, म्हण ना गं, एकदाच. ईश्वरीने ओठ इतके घट्ट मिटले की ते पांढरे पडले. रणजीत टेबलापाशी आला, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “आमची ईशू एकदम पक्की आहे, शब्दाची.” आणि रुतिकाकडे बघून परत हसला. या वेळी मात्र त्याच्या डोळ्यांत काहीतरी होतं.

रुतिका लिफ्टसाठी थांबली नाही, पाच मजले जिन्याने पळत उतरली. खाली आल्यावर तिला कळलं की आपण काय करून बसलो. त्याला संशय आला असणार. आता तो त्या पोरीला विचारणार, तू हिला काय सांगितलंस. हे शनिवारपर्यंत थांबायचं नव्हतंच, हे आजच होतं, बहीण आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत असताना. आणि ‘सुटली’ तर मिळाली नव्हती.

ती माझ्याकडे आली नाही. मी दुपारी हाकलल्यासारखंच केलं होतं. ती आईकडे गेली, ज्या आईची शप्पथ होती तिच्याकडे. सात वाजत आले होते, जयमालापुढे दोन गिऱ्हाईकं होती, कोयत्यावर बोंबील चालले होते. रुतिका पाटीच्या बाजूला उकिडवी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “आई, एकीने माझ्यावर तुझी शप्पथ घातलीय. ती मोडायचीय मला.”

जयमाला देवभोळी बाई. कार्ल्याला एकविरेच्या पायऱ्या दरवर्षी चढते, बोललेला नवस फेडल्याशिवाय झोपत नाही. तिने मला नंतर सांगितलं, की ते ऐकून आधी मंगळवारच आठवला. बायजाचीही आठवण झाली, कारण सासू कधी गेली आणि त्या आठवड्यात पोरगी का मुकी झाली होती, हे आईला माहीत नसतं होय? फक्त तिने कधी विचारलं नव्हतं. तिने गिऱ्हाईकांना पिशव्या दिल्या, हात धुतले, पदराला पुसले आणि एवढंच विचारलं, “कोनाचं भलं हाय त्यात?”

“एका लहान पोरीचं.”

“मंग मना काय इचारतेस? मोड.”

रुतिका रडायला लागली. म्हणाली, आजीच्या वेळी काय झालं ते तुला माहीत नाही. जयमाला म्हणाली, मना सगलं म्हाईत हाय, उठ. पाटीवर ओलं गोणपाट टाकून तिने शेजारच्या राहीबाईला लक्ष ठेवायला सांगितलं आणि मुलीचा दंड धरून माझ्या घराकडे चालू लागली. चालता चालताच रुतिकाने सगळं सांगितलं. शप्पथ मोडली ती तिथे, स्टेशनच्या रस्त्यावर, रिक्षांच्या गर्दीत.

सव्वासातला दोघी माझ्या दारात. रुतिकाने चारपाच वाक्यांत सांगितलं, जसं मीच शिकवलं होतं, स्वतःचं काही न घालता, मूल जे म्हणालं तेच. मला दुपारची कढई आठवली. पण आता स्वतःला शिव्या घालायला वेळ नव्हता, आणि तेही बरंच झालं. मी १०९८ लावला, मुलांच्या मदतीचा नंबर. त्यांनी नाव, पत्ता, वय घेतलं, म्हणाले माणसं निघताहेत, पोलिसांनाही कळवतो, तोवर मूल त्या माणसाबरोबर एकटं राहणार नाही असं बघा. मी अस्मिताला फोन लावला, तीनदा. तिने उचलला नाही.

आमचा नियम सांगतो की घरी जाऊन कुणाला जाब विचारायचा नाही. मी तो नियम इतरांना दहा वेळा ऐकवला आहे. पण मला त्या पोरीच्या डोक्यावरचा हात दिसत होता. जाब नाही विचारणार, नुसतं त्या घरात जाऊन बसेन, मदतीची माणसं येईपर्यंत हलणार नाही, असं ठरवून मी चपला घातल्या. जयमालाला म्हटलं, तू घरी जा, तुला जिने चढायचे नाहीत. ती म्हणाली, माजी शप्पथ हाय, मी येनार. आणि नेमकी त्या संध्याकाळी लिफ्ट मधेच अडकली होती, तेव्हा ती पाचही मजले चढली, दर मजल्यावर कठडा धरून थांबत.

एक गोष्ट चांगली झाली. रणजीत खाली गाडीत हवा भरायला गेला होता. आम्ही जिना चढायच्या आधीच तो निघून गेलेला असणार. वडील ऑफिसातून यायचे होते. घरात अस्मिता आणि ईश्वरी दोघीच. अस्मिताने दार उघडलं, मला ओळखलं, आत घेतलं. मी ठरवलेलं विसरले. तिला म्हटलं, ईश्वरीला भावाजवळ ठेवून जाऊ नका.

का, म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं. सांगताना माझा आवाज नर्सचा झाला होता, सपाट, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात ते सांगता येत नाही. अस्मिताचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ती म्हणाली, “तुम्ही वयाने मोठ्या आहात म्हणून ऐकून घेतेय. माझा सख्खा भाऊ आहे तो. ही जन्मली तेव्हा हॉस्पिटलात रात्रभर तोच बसला होता.” मग ती रुतिकाकडे वळली. मासळी द्यायला घरात येता आणि लहान पोरांच्या डोक्यात घाण भरता, म्हणाली. जयमालालाही सोडलं नाही, की मुलीला वळण लावा आधी. जयमाला भिंतीला टेकून उभी होती, घामाने ओली. मला वाटलं आता कोळीवाडा बोलणार. पण तिने फक्त पदराने तोंड पुसलं.

मला अस्मिताचा राग आला, खोटं कशाला बोलू. आज विचार करते तेव्हा वाटतं, तिने आणखी काय करायला हवं होतं? तीन बायका दारात येऊन म्हणतात की तुझा भाऊ असा आहे. मीही आधी दार लावलं असतं.

ती आम्हाला जायला सांगत असताना आतल्या खोलीच्या दारात ईश्वरी येऊन उभी राहिली. तिच्या हातात पेन्सिल होती. रुतिका तिच्याकडे गेली नाही, जिथे होती तिथेच खाली फरशीवर बसली, म्हणजे दोघींचे डोळे एका उंचीवर आले. म्हणाली, “ईश्वरी, मी सांगितलं. तू ‘सुटली’ म्हणाली नाहीस, तरी मोडली मी.”

 ईश्वरीने जयमालाकडे बघितलं, नीट, वरपासून खालपर्यंत.

“तुम्ही हिची आई?”

“हो गो बाय.”

“हिने कधी मोडली?”

“सातला,” रुतिका म्हणाली.

ईश्वरीने भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवली. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. चौथीतली मुलं वजाबाकी करताना ओठ हलवतात, तसे तिचे ओठ हलले. मग ती चालत जयमालापाशी आली.

“तुम्हाला काही नाही झालं?”

“नाय,” जयमाला म्हणाली. “बग ना. पाच माळं चढून आले.”

तिने हात पुढे केला. ईश्वरीने तो धरला, उलटसुलट करून बघितला. अस्मिता मधे काहीतरी बोलायला गेली, मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, जोरात ठेवला असेन. ईश्वरीने जयमालाचा हात सोडला नाही. तो धरूनच ती आपल्या आईकडे वळली आणि म्हणाली, “आई, मामाने मला तुझी शप्पथ घातलीय, तुला काही सांगायचं नाही म्हणून. दिवाळीपासून.”

अस्मिता उभी होती ती खुर्चीवर बसली. दिवाळी होऊन दोन महिने झाले होते. दोन महिने ही पोर रोज शाळेतून येऊन आई ऑफिसातून जिवंत परत येतेय की नाही, त्याची वाट बघत बसायची. हे मला त्या क्षणी कळलं, आणि मला वाटतं अस्मितालाही तेव्हाच कळलं, कारण तिने तोंडावर हात ठेवला.

“मी मोडली तर चालेल?” ईश्वरीने विचारलं.

 अस्मिताने मान डोलावली, मग तेवढं पुरेसं नाही असं वाटून म्हणाली, “मोड.”

ईश्वरी बोलू लागली. तिसऱ्या वाक्याला दाराची बेल वाजली. ती जागच्या जागी थिजली, तिची बोटं जयमालाच्या मनगटात रुतली. बाहेरून रणजीतचा आवाज आला, की ताई, उघड, लिफ्ट बंद आहे, दमलो. अस्मिता खुर्चीवरून उठली आणि दाराकडे चालत गेली. भावासाठी हजार वेळा उघडलेलं दार, हात सवयीने कडीवर गेला. रुतिका फरशीवरून उठली होती.

अस्मिताने वरची कडी लावली. मग वाकून खालची लावली. बेल पुन्हा वाजली, ती दाराला पाठ लावून उभी राहिली आणि मुलीला म्हणाली, “तू बोल. मी ऐकतेय.”